डाव्या पायाची बोटं

सप्तापूर, धारवाड
रविवार, ९ मार्च २०२५

ती. स्व. अक्का,

साष्टांग नमस्कार. साष्टांगाला आठ अंगं लागतात आणि त्यांत पाय मोजतात, तेव्हा माझा हिशेब थोडा कमी भरेल. मोठ्या मनानं चालवून घे. इकडे सर्व क्षेम. हेमावतीची कंबर आता बरी आहे. परसातल्या आंब्याला मोहोर दाट आलाय. तू दीपश्रीबरोबर पाठवलेले सांडगे मिळाले, निम्मे संपलेसुद्धा.

परवा दीपश्रीचा फोन आला होता. आई अजून अनवाणीच चालते म्हणाली. टाचेची भेग उलून त्यातून पाणी येत होतं, तुला पत्ताच नव्हता, फरशीवरचे डाग बघून लेकीला कळलं. अक्का, हे पत्र त्यासाठी आहे. फोनवर हा विषय काढला की तिकडे अळणावरात तुझं दूध उतू जायला लागतं. पत्राचं बरं असतं, बाजूला ठेवलंस तरी ते तिथंच पडून राहतं.

पण मी वकील माणूस. आधी हकीकत सांगतो, मग मागणी.

गेल्या चैत्रात उणकलला गुरुप्रसादच्या घराची वास्तुशांत होती. तोच गुरुप्रसाद, माझ्या हाताखाली वकिली शिकलेला. पूजा आटोपल्यावर गच्ची दाखवायला त्यानं सगळ्यांना वर नेलं. टळटळीत दुपार, पायात काही नाही. बाकीचे लोक तळपाय उचलत सावलीकडे पळाले आणि मी मधोमध उभा राहून कुंपणाची भिंत कोणाच्या हद्दीत येते यावर त्याच्याशी वाद घालत होतो. कोणीतरी म्हणालं, काका काय कणखर आहेत बघा. मला तेव्हा बरंच वाटलं. साखरेनं तळपाय बधिर झालेत हे कळायला आठ दिवस लागले, तोवर फोड चिघळला होता.

पुढचं तू पाहिलंसच. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की मेलो तरी चालेल, पाय काढायचा नाही. हुबळीच्या दवाखान्यात मी तापात बरळत होतो. हेमाच्या तोंडून शब्द फुटेना. डॉक्टर विचारत होते आणि शेवटी तू पुढे झालीस. तू काय म्हणालीस ते हेमानं मला पुढे कधीतरी सांगितलं.

"काढा. रागावला तर माझ्यावर रागावू दे, पण घरी आला पाहिजे."

आणि त्याच दिवशी तू देवापुढे बोललीस की विठू चालायला लागेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. मला विचारलं असतंस तर हरकत घेतली असती.

आता थोडं माझं. गेलेला पाय दुखतो, हे मी तुला कधी सांगितलं नाही. नसलेल्या पायाची बोटं कोणीतरी मुठीत धरून पिळल्यासारखी दुखायची. गोळी घ्यावी तर झोप यायची आणि दुखणं जागंच राहायचं. चिडचिड इतकी वाढली की हेमानं एक दिवस जाहीर केलं, आता तुम्ही तरी कुठेतरी जा नाहीतर मी जाते. तिनंच मला चाकाच्या खुर्चीतून पलीकडच्या गल्लीत उत्तराच्या वर्गाला नेलं. उत्तरा म्हणजे फिजिओथेरपीवाली मुलगी, वयानं आपल्या दीपश्रीएवढी. तिच्या घराच्या पडवीत संध्याकाळी पाच-सहा जण डोळे मिटून बसतात, ती शरीराच्या एकेका भागाचं नाव घेते, आपण नुसतं लक्ष तिथं न्यायचं. मी मनात म्हटलं, यासाठी ही कशाला लागते, नुसतं बसून तर मी घरीही आहे.

तिनं डोळे मिटायला लावले आणि पहिलंच वाक्य बोलली, "ईग एडगालिन बेरळ कडे गमना कोड्री." डाव्या पायाच्या बोटांकडे लक्ष द्या.

बोलली आणि तिच्याच लक्षात आलं. तेवढ्यात शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी सगळ्यांना दचकवून गेली. सवयीनं ती डाव्या पायापासून सुरू करायची, आणि माझा तोच नाही. मी डोळे उघडले तर पोरीला रडू यायचं बाकी होतं. हेमा माझ्याकडे बघत होती, आता हे काय बोलतात म्हणून.

मी म्हटलं, "इरली बिडवा, बेरळु इन्नू अदाव." असू दे गं, बोटं अजून आहेत.

खरंच होती. सगळे त्यांच्यापासून नजर चोरत होते, मीही चोरत होतो, आणि या पोरीनं चुकून त्यांची विचारपूस केली. मी डोळे मिटून तिथं गेलो. अंगठा आत वळलेला, बाकीची आवळलेली. काही करू नका, नुसतं बघा, असं ती हळू आवाजात म्हणत होती. मी बघत बसलो. अक्का, दुखणं गेलं नाही, पण त्याच्याशी चाललेलं माझं भांडण थांबलं. थोड्या वेळानं बोटं थोडी सैल पडली. पुढे जबडा आला, तर तोही आवळलेला. सारी वकिली मी दात आवळून केली हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तेव्हापासून रोज सकाळी परसात उन्हाला बसतो. आधी डावा पाय, मग उजवा. उजव्याला तळव्याखाली कुठं ऊन लागतंय, कुठं काहीच लागत नाही, ते बघतो. जिथं काही लागत नाही तिथं जखम नाही ना ते बघायला हेमा आरसा धरते. देवपूजेला मी एवढा वेळ कधी दिला नव्हता. दुखणं येतं, बसतं, जातं. माझ्याकडे हात आहेत, छाती खालीवर होते, मांडीवर ऊन पडतं, एवढ्यावर मला मजेत बसता येतं. तू त्या दिवशी माझं ऐकलं असतंस तर यातलं काहीच नसतं. हे तुला सांगायला मला वर्ष लागलं. आभार मानतो, अक्का. अगदी मनापासून मानतो.

आता जे टाळत होतो ते. कृत्रिम पायाचं मी तुला दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलत आलो. सराव चाललाय म्हणालो, मापं घेतलीत म्हणालो. ते खोटं होतं. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं की जखमेची जागा तो पाय सोसणार नाही आणि माझ्या हृदयाला तेवढे कष्ट झेपणार नाहीत. मी चालणार नाही, अक्का. तुझा धीर सुटेल म्हणून बोललो नाही, आणि माझ्या त्या गप्प बसण्यावर तू खडीच्या रस्त्यानं अनवाणी हिंडत राहिलीस. स्वतःचा पाय गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. दीपश्रीनं तुझ्या टाचेचं सांगितलं तेव्हा रडलो.

तुलाही माझ्यासारखी आपल्या आप्पांचीच साखर आहे. तुझ्या टाचेला कळलं नाही, म्हणजे काय होतंय ते घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? हे वाचून झालं की पडवीत बस, डोळे मीट आणि एकेका बोटाकडे जाऊन ये. जिथून उत्तर येणार नाही तिथं दीपश्रीला बघायला सांग. मग डॉक्टरकडे जा.

राहिला नवस. माझ्या चालण्याचं तू देवाकडे मागितलंस, पण त्याआधीच त्यानं तुझ्या हातून मला घरी पाठवलं होतं. एवढ्यावर मी समाधानी आहे. ज्याच्यासाठी बोललीस तोच सांगतोय, नवस फिटला. तरी खात्री पटत नसेल तर ये आणि मला उन्हात बसलेला बघ.

फक्त आमच्या उंबऱ्याशी चप्पल काढून आत यायचं. काढायला ती पायात असावी लागते.

तुझ्या एका होकारावर जगणारा तुझा धाकटा,
विठ्ठल