एकादशीचा इंग्रजी खुलासा

रविवार, २६ ऑक्टोबर

राजसने आज अखेर तोंड उघडलं. मुलगी ईरा, त्याच्याच ऑफिसात, घर याच शहरात, बनशंकरीला. आईवडील पत्रिका बघणार नाहीत, पगार विचारणार नाहीत. वडिलांना, म्हणजे भीमाचार्यांना, एकच गोष्ट हवी आहे: आपली मुलगी ज्या घरात जाणार तिथे काय खातात आणि कधी खातात, हे नीट कळायला हवं. ते पटलं की होकार.

एवढंच? मला हसू आलं. ते कानडी, आम्ही पुण्याचे, रिटायर होऊन मुलाकडे इथे कानडी मुलखात, एचएसआर लेआउटला आलेले. मधली भाषा इंग्रजी. आणि इंग्रजीत खुलासे मागण्यात आणि देण्यात माझी अख्खी नोकरी गेली आहे. पर्चेसमध्ये माझ्या 'काइंडली क्लॅरिफाय'ला सप्लायर चळाचळा कापायचे. स्मिता म्हणाली, मुलाची आई म्हणून मीच बोलते ईराच्या आईशी, मोडक्यातोडक्या हिंदीत. मी म्हणालो, लग्नाची बोलणी आहेत, कोथिंबीर घ्यायची नाहीये.

ठराव: खाण्यापिण्याचा सर्व पत्रव्यवहार माझ्याकडे.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

पहिला फोन. यशस्वी.

भीमाचार्य नमस्कार म्हणून काहीतरी बोलू लागले होते. मी तिथेच थांबवलं. 'सर, फॉर बेटर क्लॅरिटी, ओन्ली इंग्लिश.' गृहस्थ जरा थबकले, मग ओके म्हणाले. सुरुवातीलाच पकड घेतलेली बरी.

त्यांनी विचारलं, एकादशी करता का? मी म्हणालो, 'स्ट्रिक्टली सर. ऑन एकादशी, होल फॅमिली टेक्स ओन्ली फास्ट फूड.' मी आणखी भर घातली, की माझी मिसेस त्या दिवशी सकाळपासून फास्ट फूड करायला घेते, आणि माझे वडील तर म्हातारपणी आठवड्यातून दोनदा फास्ट फूडवरच असत. 'ट्वाइस अ वीक?' त्यांनी विचारलं. इम्प्रेस झाले असणार.

संध्याकाळी: राजस तणतणत आला. ईराचे वडील विचारतायत म्हणे, एकादशीला बर्गर की पिझ्झा? मी त्याला शांतपणे समजावलं. उपवास म्हणजे फास्ट. पदार्थ म्हणजे फूड. यात चूक कुठे आहे ती दाखव. तो कपाळाला हात लावून आत गेला.

शनिवार, १ नोव्हेंबर. एकादशी.

खुलासा द्यायचा होता. आधी खिचडी खावी की आधी फोन करावा, या विचारात दोन्ही एकदम केलं.

म्हणालो, 'व्हॉट आय मेन्ट टु से सर, नॉट आउटसाइड फास्ट फूड. होममेड.' मग साबुदाणा, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, सगळं इंग्रजीत सांगितलं. वरीच्या तांदळाला इंग्रजी शब्द सापडला नाही. ती त्या भाषेची उणीव.

ते हळूच म्हणाले, 'सो... यू ईट?'

मी लगेच, 'काइंडली क्लॅरिफाय ईट.'

तेव्हा कळलं. त्यांच्या घरी एकादशीला अन्न नाही, फळ नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीला पारणं, तेव्हाच जेवायचं. माझा घास तोंडातच राहिला. राजसचा चेहरा डोळ्यांसमोर आला. माघार घेतली तर स्थळ गेलंच. म्हणालो, 'दॅट मेनू इज फॉर लेडीज सर. पर्सनली आय ॲम नो-वॉटर.' त्यांनी विचारलं, कुडुम कुडुम आवाज कसला येतोय? मी नेटवर्क म्हणालो. खिचडीत दाणे जरा जाड राहिले होते. स्मिताला सांगायला हवं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आजचा विषय कांदा-लसूण. त्यांच्याकडे वर्ज्य. मी सांगितलं, चातुर्मासात आमच्याकडेही बंद. 'फोर मंथ्स टोटली क्लोज्ड, सर.' त्यांना बरं वाटलेलं दिसलं. तिथे थांबायला हवं होतं असं स्मिताचं मत. पण अर्धवट खुलासा देणं माझ्या रक्तात नाही. उद्या कोणी म्हणायला नको, की माहिती दडवली. म्हणून कांदेनवमीही समजावली. 'बिफोर क्लोजिंग, वी सेलिब्रेट वन ओनियन फेस्टिव्हल. ओनियन भजी, ओनियन थालीपीठ, ओनियन झुणका. काइंड ऑफ सेंड-ऑफ फंक्शन.'

भीमाचार्यांना जोराचा खोकला आला. मागून बायकांच्या हसण्यासारखा आवाज येत होता. टीव्ही चालू असावा.

रविवार, ९ नोव्हेंबर

राजस माझ्याशी बोलत नाही. कालपासून धड जेवतही नाही. स्मिता म्हणते, घरात खरा उपवास त्याचाच चालू आहे. ईराने त्याला सांगितलंय, बाबा अजून हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत, नुसते विचार करतायत. स्मिताचं म्हणणं, तुम्ही आता तोंड बंद ठेवा. मी म्हणालो, पेंडिंग केसमध्ये फॉलो-अप लागतो.

दुपारी भीमाचार्यांचाच फोन! पंधरा तारखेला एकादशी आहे, तुम्हीही कडक करता, तर दोघं आमच्याकडेच या, म्हणाले. दिवसभर भजन, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी द्वादशीचं जेवण करूनच जायचं. मी 'विथ प्लेजर' म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर थोडं पाणी प्यायलो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सरावाचा उपवास. चहा धरायचा नाही असं ठरवलं होतं. बिस्किट चहातच मोडतं.

उपमा धरावा लागला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उद्या. माणूस पाण्याशिवाय आरामात राहू शकतो, सगळा मनाचा खेळ आहे. आज मात्र पोटभर जेवून घेतलं. दोनदा. स्मिता अजून म्हणते, फोन करून खरं काय ते सांगा, माणसं चांगली दिसतात. मी म्हणालो, या स्टेजला स्टेटमेंट बदलता येत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर. बनशंकरी.

सकाळी: घर स्वच्छ, माणसं प्रेमळ. पण कोणी 'काय घेणार?' असं विचारतच नाही. पुण्यात निदान विचारतात तरी. वही बरोबर आणली ते बरं, इथे तोंडाला काही कामच नाही.

अकराच्या सुमारास: भजन. घशाला कोरड. शेजारच्या घरातून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास. त्या घरी एकादशी नाही वाटतं. भीमाचार्यांनी विचारलं, 'आर यू कम्फर्टेबल?' मी 'परफेक्टली' म्हणालो आणि हसत हसत स्मिताला मराठीत सांगितलं, हा गृहस्थ आज माझा जीव घेणार. मराठीची इथे फार सोय आहे. कोणाला काही कळत नाही.

दुपारी: बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो, स्मिता आणि मी. भीमाचार्य मागे झोपाळ्यावर पोथी वाचत होते. डोकं गरगरत होतं. काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. की मी जन्मात एक एकादशी धड केलेली नाही. की ईरा मला फार आवडली, सकाळी माझ्या चपला उन्हात होत्या तर तिने न बोलता सावलीत नेऊन ठेवल्या. की असली पोर माझ्या बडबडीपायी हातची गेली, तर राजसला मी काय तोंड दाखवू? बोलता बोलता रडूच आलं. स्मिताने पदराने माझे डोळे पुसले, ते चारचौघांत बरं दिसत नाही.

मागचा झोपाळा थांबला होता.

थोड्या वेळाने भीमाचार्य आत गेले आणि पेलाभर दूध आणि दोन केळी घेऊन आले. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, 'घ्या उल्हासराव. आजारी माणसाला आणि घाबरलेल्या माणसाला सूट असते.'

मराठीत म्हणाले. स्वच्छ, आपल्यासारख्या मराठीत.

सकाळपासून मराठीत काय काय बोललो ते आठवत मी केळं सोललं.

रविवार, १६ नोव्हेंबर. द्वादशी.

भीमाचार्यांचं कॉलेज सांगलीचं. आई सोलापूरची. घरात ईरा सोडून सगळ्यांना मराठी कळतं, आणि तिलाही आता राजसमुळे स्वल्प स्वल्प कळायला लागलंय.

आधी का नाही बोललात, असं मी विचारलं. ते म्हणाले, पहिल्याच फोनवर तुम्ही ओन्ली इंग्लिश म्हणालात, पाहुण्यांचं मन कशाला मोडा? मग जरा ओशाळून म्हणाले, शिवाय तुमचा फोन आला की घरातले सगळे स्पीकरभोवती जमायचे. आमच्या म्हातारीला तर तुमच्या फोनची वाट बघायची सवयच लागली होती. बंद झाला असता तर तिला चुकल्यासारखं झालं असतं.

होकार दिला. काल पायऱ्यांवरचं ऐकलं तेव्हाच ठरवलं, म्हणाले. ज्या घरात सासरा सुनेसाठी रडतो तिथे काय खातात, हे त्यांना आता विचारायचं नाही. राजसला फोन केला तर तो आधी म्हणाला, बाबा, आता काय केलंत? मग आईने सांगितल्यावर रडला. हा गुण कुठून आला कोण जाणे.

पानं मांडली. मला भीमाचार्यांशेजारी बसवलं. वाढायला स्वतः ईराची आई. माझ्या पानाशी थांबून तिने मराठीत विचारलं, आता नीट सांगा, तुम्ही काय काय खाता?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी शब्द शोधले. 'व्हॉट आय मेन्ट' आठवलं, 'काइंडली' आठवलं. मराठीत काहीच सुचेना.

'सगळं,' म्हणालो.

कोणीही खुलासा मागितला नाही.