विभूती लावलेली सायकल

सोलापूर,
३ ऑक्टोबर २०२५

चि. भुवनेश्वरीस, आशीर्वाद वि. वि.

फोनवर बोलले की अमरेश कान देऊन बसतो, म्हणून हे पत्र. परवा खंडेनवमीला तुझ्या या भाच्याने गाड्या धुऊन दारात ओळीने लावल्या. विभूतीचं ताट घेऊन मी बाहेर आले, तर माझी सायकल नाही! विचारलं, तर चिरंजीव म्हणतात मोडीत दिली. दारात चारचाकी असताना आई सायकलवरून भाजी आणते, म्हणून लोक त्यांच्या तोंडात शेण घालतात म्हणे. माझी वस्तू, आणि मला विचारायचंसुद्धा नाही! ताट तसंच आत नेऊन ठेवलं.

अगं, सिद्धेश्वराचं देऊळ, बँक, मंगळवार बाजार, सगळं मी त्या सायकलवर करत आले. कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. आता देवळात जायचं म्हटलं की रविवारी नेतो म्हणतो, आणि रविवारी दुकानात गिऱ्हाईक असतं. आईला घरात बसवून ठेवायचं, हीच यांची सेवा!

माझी बाजू घेणारी तू एकटीच. तेवढं प्रेम राहू दे.

तुझी अक्का,
सावित्रम्मा

मैंदर्गी,
८ ऑक्टोबर

ती. अक्कास, शरणार्थ वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. मोडीत कसली, तुझी सायकल आमच्या अंगणात उभी आहे! अमरेशच खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ठेवून गेला. आईचे गुडघे दुखतात, तिनेच पाठवलीय, पण तिच्याकडे विषय काढू नको, तिला रडू येतं, असं बजावून गेला. मी भोळी, खरं मानलं की. तुझे पाय थकले म्हणून मीच लई रडले. खंडेनवमीला आमच्या ट्रॅक्टरच्या आधी तिला विभूती लावली. याच सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत गेलेला पोरगा, आता मावशीला फसवतो!

माझा मल्लिनाथ सोमवारी कांदा घेऊन मार्केट यार्डात येतोय. टेम्पोतून सायकल पाठवते, उतरवून घे. अमरेशला सोडू नकोस, पण धाकटीवर माया असू दे.

तुझी,
भुवनेश्वरी

सोलापूर,
१५ ऑक्टोबर

चि. भुवनेश्वरीस, आशीर्वाद वि. वि.

सायकल पोचली. तू लावलेली विभूती पुसली नाही. यार्डातून सायकलवर निघाले ती थेट अमरेशच्या कापडदुकानासमोर उतरले. गिऱ्हाइकांदेखत विचारलं, माझे गुडघे दुखतात हे तुला कोणी सांगितलं? त्याने पुढे होऊन सायकलचं हँडल धरलं. मग हळूच म्हणाला, लोक बघतायत की, सायकल राहू दे इथं, गाडीतून घरी सोडतो. म्हटलं, बघू देत लोकांना, तू ये मागून.

मोडीत टाकायला त्याचा हात धजला नाही, हे मला कळलंय. पण त्याला एवढ्यात सांगणार नाही.

चौकातल्या गाड्यांच्या रांगेतून सुटून साहेब घरी आले, तेव्हा माझा चहा उकळला होता. एक कप त्याच्यापुढे ठेवला आणि सायकलची किल्ली कनवटीला खोचली.

तुझं प्रेम असंच टेम्पो भरून येऊ दे.

तुझी अक्का,
सावित्रम्मा