डावीकडचे टायर

प्रिय आत्या,

तू विचारलंस म्हणून आधी टायरचं लिहिते. तुझ्या निरोपात तीनच गोष्टी होत्या: रस्ता ओला व्हायच्या आत हवेत, पलीकडच्या वस्तीवर जाता आलं पाहिजे, आणि ‘कडेला जाड असलेले बघ’. तिसऱ्या गोष्टीवर शेवटी येते.

मी दोन दुकानं फिरले. पहिला टायरवाला म्हणाला, रुंद घ्या, गाडीला रुबाब येतो. मी म्हटलं, गाडी मिरवायची नाही, तिच्यातून गुरं तपासायला जायचं आहे. मग टायर पूर्ण वळवल्यावर आतल्या स्प्रिंगला घासेल का, हेही विचारलं. तो म्हणाला, “ताई, तुम्ही टायर घ्यायला आलाय की माझी तोंडी परीक्षा घ्यायला?” मी दोन्ही म्हटलं. तो हसला, मी नाही. नंतर वाटलं, हसायला हरकत नव्हती.

तर निष्कर्ष असा. रुंद नको. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जातो, रुंद वरच तरंगतो. निव्वळ चिखलाचे, मोठ्या गुठळ्यांचे टायरही नकोत. ओल्या डांबरावर ब्रेक मारला की ते लांबवर घसरतात, आणि आपली गाडी नावाप्रमाणे म्हैसच, तिचं स्टिअरिंग आधीच तुझा खांदा उतरवतं. मधल्या जातीचे घ्यायचे, अर्धे रस्त्याचे, अर्धे रानाचे. माप मूळ गाडीचंच. आणि चार नाही, पाच. तू म्हणशील, स्टेपनी तर नवीकोरी आहे. नक्षी नवी आहे, रबर नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्या हिशोबाने तुझी स्टेपनी चौदा वर्षांची आहे. नवं रबर माझ्या कडकपणा मोजायच्या यंत्रावर साठ-पासष्ट दाखवतं, तिने अठ्ठ्याहत्तर दाखवले. एकदाही जमिनीला न लागता ती कडक झाली. शिवाय चारही चाकांना जोर दिलेला असताना एक चाक कमीजास्त उंचीचं असलं, तर आतले गिअर एकमेकांशी भांडतात.

यंत्रावरून आठवलं. माझं काम तसंच चालू आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसाला रबराचे चाळीस तुकडे दाबून बघते आणि आकडे लिहिते. जेवणाच्या सुट्टीत सगळे एका टेबलावर बसतात. मी गेले की जागा करून देतात, आणि मग बोलणं जरा नीटनेटकं होतं. म्हणून मी हल्ली उशिरा जाते. खोलीत दोन खुर्च्या आहेत, दुसरीवर इस्त्रीचे कपडे असतात. रविवारी तुझा फोन येतो. तू विचारतेस, जेवलीस का. मी हो म्हणते. मी विचारते, म्हैस कशी आहे. तू म्हणतेस, चालते. दोघी खरंच बोलतो, आणि दोन मिनिटांत संपतं.

आई-बाबा गेल्यावर मी तुझ्याकडे आले तेव्हा सात वर्षांची होते. तू मला कुशीबिशीत घेतलं नाहीस. दुसऱ्या दिवशी गाडीत डावीकडे बसवलंस आणि वस्तीच्या वाटेवरच्या त्या बिनकठड्याच्या पुलावर म्हणालीस, “मान बाहेर काढ आणि सांग, काठाला किती उरलंय.” मी सांगायला लागले. हात. दीड वीत. वीत. पूल ओलांडल्यावर तू उतरून चाकाच्या खुणेपासून काठापर्यंत दोरीने मोजलंस. मी चार बोटं चुकले होते. तू म्हणालीस, “चार बोटं म्हणजे वासराचा पाय ठेवायची जागा असते गं.” पुढच्या महिन्यात मी एका बोटावर आले आणि तू मला मोजपट्टी म्हणायला लागलीस. त्या जागेवर मी दहा वर्षं बसले. ती सोडून आता अकरा झाली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. परवाच्या आधीच्या खेपेला मी म्हणाले होते की टायर सारखे झिजावेत म्हणून डावे-उजवे बदलते. ते खोटं होतं. डाव्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा एकाच उंचीवर घासलेल्या होत्या, पुलाच्या काठच्या दगडाच्या उंचीवर. उजवे स्वच्छ होते. मी स्वच्छ टायर डावीकडे लावले. खुणा जुन्या असतील तर हे स्वच्छच राहतील, असा विचार केला. पाच महिन्यांनी परवा आले तेव्हा तेही घासलेले होते, त्याच उंचीवर. शिवाय चहा घेऊन मी तुझ्या डावीकडून आले की तू दचकतेस, उजवीकडून आले की नाही. हेही मी दोनदा करून पाहिलं. आत्या, मी विचारायला हवं होतं. विचारण्याऐवजी मी पाना हातात घेतला.

पण तूही काही कमी नाहीस. ‘कडेला जाड असलेले बघ’ म्हणजे काय, ते मला कळलं. टायरची कड कितीही जाड असली तरी डाव्या डोळ्याला दिसत नाही ते दिसणार नाही, आणि पुलाला कठडा येणार नाही. डोळ्याचं कुणाला कळलं तर गाडी सुटेल, गाडी सुटली तर गुरं सुटतील, आणि मग मला फोनवर सांगायला तुझ्याकडे काहीच उरणार नाही, म्हणून तू गप्प राहिलीस. मीही त्याच भीतीने गप्प राहिले. टायर पाचच्या पाच मागवलेत, पण तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. ते शनिवारी माझ्याबरोबर येतील. तोवर म्हैस बाहेर काढू नकोस, वस्तीवरच्या लोकांना कळव. सोमवारी आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. मी महिनाभराची रजा टाकली आहे. एवढी रजा साठलेली पाहून साहेबच चकित झाले. गाडीत मी कुठल्या बाजूला बसायचं ते डॉक्टर ठरवतील. डावीकडून मला मोजता येतं. उजवीकडे, स्टिअरिंगवर बसायची वेळ आली, तर मोजायचं काम तुझं. चार बोटं चुकलीस तर मी उतरून दोरी लावीन.

तुझीच,
मोजपट्टी