मामासारखा

प्रिय मामा,

तू जाऊन दिवाळीला वर्ष होईल आणि मी आज तुला पत्र लिहायला बसलेय. वेडी म्हणशील! म्हण. पण आज इथे अकोल्याला, मी शिकवते त्या मॅट्रिकच्या वर्गात, धड्यात एक इंग्रजी शब्द आला, ‘अव्हंक्युलर’. मलाच येईना! कोश उघडला. अर्थ काय, तर काका-मामासारखा प्रेमळ. मूळ पाहिलं तर लॅटिन, आणि तिथे काका नाहीच रे! नुसता मामा, आईचा भाऊ. काकाला त्यांचा निराळा शब्द. त्याहून जुना अर्थ ‘छोटा आजोबा’. पोरींसमोर मला हसू आलं आणि डोळेही भरले.

बाबा गेल्यावर आम्ही मायलेकी दर्यापूरला तुझ्याकडे आलो. मामीने एका शब्दाने विचारलं नाही, किती दिवस राहणार म्हणून. एवढ्या मोठ्या मनाची माणसं तुम्ही!

आठवतं, माझी मॅट्रिक तोंडावर आली आणि काका अमरावतीहून स्थळ पक्कं करूनच आले? मुहूर्तसुद्धा काढलेला! तू सुपारी कातरत बसला होतास.

“पोरीले बोहल्यावर कोन आनते?” तू विचारलंस.

“मामा. रीतच हाय तशी.”

“मंग मी आनत नाही. तिचं शिकनं होऊ द्या, मंग पाहू.”

“काहून गा? डोकं फिरलं का तुयं?”

“फिरलं. आता च्या घ्या.”

काका चहा न घेता गेले. मामानेच भाचीचं लग्न मोडलं म्हणून गावभर झालं. तू ऐकून घेतलंस. एकदा तरी म्हणायचं होतंस ना, की मलाही हे लागतं!

बीए झाल्यावर तूच मला बोहल्यावर आणलंस. रडत होतास तू, मी नाही. माझं सगळं शिक्षण, ही नोकरी, तुझ्या त्या एका नकारामुळे आहे, मामा. तुझ्या तोंडावर हे कधी बोलले नाही.

वर्गातली सुमन सोमवारपासून येणार नाही म्हणते. परीक्षेआधीच लग्न ठरवलंय. पोर हुशार आहे, आणि तिच्या आईला भाऊ नाही. उद्या मी तिच्या घरी जाते. तुम्ही कोण लागता पोरीच्या, असं विचारतीलच. सांगीन, मामा आहे मी तिचा! आणि हो म्हणेपर्यंत त्यांच्या दारातून उठणार नाही.

तुझीच भाची,
कुसुम