आधी प्रश्न, मग चहा

आई, आज दुपारी एक उमेदवार आपल्या ओसरीवर येऊन गेला. तू असतीस तर त्याला आधी प्रश्न विचारला असतास आणि उत्तर पटलं तरच मला चहाची खूण केली असतीस. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं मत हवं तर परीक्षा द्यावी लागते, हे पुढाऱ्यांना पाठ झालं होतं.

ते दुष्काळी साल मला अजून दिसतं. तासगावकडून ढग येतात, आपल्या माळावर थांबतात आणि न बरसताच निघून जातात. पावसानं घड कुजू नयेत म्हणून द्राक्षवाले विमानं लावून ढग पळवतात, अशी गावभर बोलवा. उमेदवार माणसं घेऊन ओसरीवर बसलाय. ढग असे पळवता येतात का, तू विचारतेस. तो मागच्या माणसांकडे बघतो. "आवं बाई, लोक म्हणत्यात म्हंजी काय तरी असंलच की."

"लोक म्हणत्यात ते मला ठावं हाय. तुमी काय म्हणताय?"

तो नुसताच हसतो. तू तिथूनच मला सांगतेस, "स्टो बंद कर गं." आधणात साखर पडली होती, तरी मी बंद केला. नंतर कुरकुरले, तेव्हा म्हणालीस की ढगांबद्दल जो गर्दीचं तोंड बघून बोलतो, तो उद्या कालव्याच्या पाण्याबद्दलही तसंच बोलणार. तुझं बरोबरच होतं, पण गावाला झोंबलं. त्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला फारसं कुणी फिरकलं नाही. "लाडू झ्याक झाल्यात," म्हणत तू खात बसलीस. मला तुझा रागच आला होता. पण तेव्हा निदान आपण दोघी होतो.

आजच्या उमेदवाराचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. काल चौकातल्या सभेत त्यानं सांगितलं, निवडून द्या, ढग पळवणारी विमानं पहिली बंद करतो. टाळ्या घरापर्यंत ऐकू आल्या. मी अगदी पदर खोचून तयार होते. पण माणसं रस्त्यावरच थांबली आणि तो एकटा आत आला. चपला काढून खाली बसला. तुझ्या फोटोकडे बघून "ह्या शाळंतल्या बाई न्हवं?" म्हणाला. उठताना मी गुडघा धरला, तर कधीपासून दुखतोय ते विचारलं. गुडघा दुखतो हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगायला कोण आहे इथं? आई, मी आधी चहा ठेवला. प्रश्न विचारला असता तर त्याला उठवावं लागलं असतं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. मत मी त्याला देणार नाही, तेवढी तुझी लेक आहे. पण तो पायरीवर चपला घालत होता, तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. तुझा प्रश्न विचारायलाच मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "परत या."