खाऱ्या पाण्यातला मोरपंखी

७ सप्टें., रवि.
अकोल्याहून अमरावतीला परत. मांडीवर दोन काचेच्या बरण्या, मूर्तिजापूरपर्यंत अर्धी साडी ओली. समोरची बाई म्हणे, लोणचं हाय का? म्हटलं हो, जितं हाय.
भावाकडे गेले होते. शेजारच्या रफीकचाचांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून बघायला गेले. चाचा त्यांच्या गादीच्या दुकानात कापसाजवळ बसलेले. ते दवाखान्यात होते तेव्हा सुनेनं गच्चीवरच्या टाक्यांत ब्लीचिंग पावडर टाकली, डास नको म्हणून. चाचांनी त्यांत पाळलेले सगळे फायटर मासे मेले. डासांच्या अळ्या खाऊन जगायचे तेच. पस्तीस वर्षं एकेक जोडी निवडून चाचांनी तो मोरपंखी रंग जमवला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत बरण्यांत एक नर, एक मादी होती, तेवढी वाचली. नर दोन वर्षांचा. म्हणजे म्हाताराच.
"तू घेऊन जाय सुनंदा. माह्या डोळ्याले आता पिल्लं दिसत नाईत. तू सुईनं नस शोधते, तुले दिसतीन."
मी पॅथॉलॉजी लॅबमधली बाई. रक्त काढते. गप्पी पाळले होते कधीतरी, तेवढाच अनुभव. पण नाही म्हणवलं नाही. सून दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिला घरात कोणी एक शब्द बोललं नाही म्हणे. बोलले असते तर बरं झालं असतं तिला.

८ सप्टें., सोम.
दोघांना मोठ्या बरण्या दिल्या. आपल्याकडे पाहुण्याला खारं पाणी कोणी पाजत नाही, म्हणून आरओचं पाणी भरलं. बोअरचं जुनं पाणी सगळं ओतून दिलं, पिवळट होतं. बरण्याही लॅबच्या पद्धतीनं धुतल्या, तीनदा.
नर तळाशी बसून आहे. पर मिटलेले. प्रवासाचा शीण असेल.

११ सप्टें., गुरु.
टब मांडला, चार बोटं पाणी. वर बदामाचं वाळकं पान (लॅबमागच्या झाडाचं). मादीला कंदिलाची काच उभी करून तिच्यात सोडलं, म्हणजे नराला ती दिसेल पण मारता येणार नाही. हे चाचांनी फोनवर सांगितलं. नरानं आधी फेसाचं घर बांधायचं, मग तिला मोकळं सोडायचं.
नरानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमचे हे म्हणतात, "नोकरीतून सुटलेला माणूस हाय तो, त्याले बसू दे." स्वतःचं रिटायरमेंट दोन वर्षांवर आलंय म्हणून एवढा कळवळा.

१४ सप्टें., रवि.
फेस आला. चिमूटभर, पानाच्या कडेला. एक बुडबुडा सोडतो, पाच मिनिटं दम खातो. मला काही राहवेना, दुपारी काच उचलली. चुकलं का काय कळत नाही. तिला आधी बदडलं त्यानं, शेपटीचा तुकडा गेला. मग संध्याकाळी अंडी. पंचवीस-तीस असतील. पांढरी, खसखशीएवढी. मादीला बाहेर काढलं.
झोपायच्या आधी चारदा बघून आले. ह्यांनी विचारलं, "बाळंतीण कोण हाय नेमकी?"

१६ सप्टें., मंगळ.
गेलं सगळं.
अंड्यांवर पांढरी लव. लॅबनं भंगारात काढलेला मायक्रोस्कोप घरी आहे, त्याच्याखाली एक अंडं ठेवलं. बुरशीचे धागे, सगळीकडून वेढलेले. बघायला इतकं सुंदर की आधी बघतच राहिले, मग रडू आलं. उरलेली अंडी नरानं खाल्ली. त्याला काय बोलणार.
चाचांना काय तोंडानं सांगू. ते रोज फोन करतात आणि रोज एकच विचारतात, घर बांधलं का.

१७ सप्टें., बुध.
सांगितलं. चाचांनी विचारलं: "पानी कोनतं हाय बेटा?"
"आरओचं. एकदम शुद्ध."
हसायलाच लागले, खोकला येईपर्यंत.
"अरे, त्याईच्या सात पिढ्या आपल्या बोअरमंदी वाढल्या. आपन जे पानी तोंडात धरत नाई ना, तेच त्याईचं पानी. तू त्याईले शरबत पाजून राह्यली. पान्यात मीठ नसलं का अंड्याले बुरशी धरते."
थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "तुले नाई समजलं त्यात तुही चूक नाई. मीच सांगाले पायजे होतं. मले वाटलं पानी तं पानीच रायते."
लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर खूप नवलही वाटलं. खारपाण पट्ट्यात, जिथे बोअरला खारंच पाणी लागतं, तिथे वाढले मी, ते पाणी कोणाचं लाडकं असेल असं कधी मनातसुद्धा आलं नाही. आम्ही बहिणी लग्नाच्या बोलण्यात आधी विचारायचो, गावात पाणी गोड आहे का.

१९ सप्टें., शुक्र.
हे रोज अकोल्याला अप-डाऊन करतात, ऑफिस तिथेच. म्हटलं चाचांच्या बोअरचं पाणी आणा, दोन कॅन. तर भडकले. "तिकडचे लोक गोड्या पान्यासाठी जीव टाकतात अन् मी तिकडून खारं आनू? डब्यातले लोक मले येडा म्हनतीन."
मी म्हटलं, म्हणू द्या. आधीच म्हणत असतील. जेवताना भाजीत मीठ कमी होतं, तेही सांगितलं नाही त्यांनी.

२० सप्टें., शनि.
आणलं. हे सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेले. वीस लिटर, खांद्याला वळ. स्टेशनवर एकानं विचारलंच म्हणे, "काहो, अमरावतीचे नळ आटले काय?" ह्यांनी सांगितलं, "मंतरलेलं हाय." तो बिचारा हात जोडून गेला.
रागावून बसायचं ठरवलं होतं मी. नाही जमलं. चहा दोनदा केला.

२२ सप्टें., सोम.
पाणी एकदम बदलायचं नाही. सकाळी दोन कप, संध्याकाळी दोन कप. त्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर वाळवून बघितला. खड्याखड्यांचं नुसतं शेत. आरओचा थेंब वाळला तर काहीच राहत नाही, पुसल्यासारखं. हे मी आधी का नाही बघितलं? रोज दुसऱ्यांचं रक्त बघत बसते.
नर वर आला. छोटा आरसा दाखवला तर कल्ले फुगवून धावून गेला. रंग काय चढलाय.

२८ सप्टें., रवि.
मादीला परत काचेत ठेवलं होतं, नरानं घर बांधलं. बशीएवढं, भाताच्या पेजेवर येतो तसा घट्ट फेस. रात्रंदिवस खपतो आहे, खात नाही. चाचा म्हणाले, "सोड उद्या. तो म्हातारा हाय, त्याच्यात पुन्हा दम नाई येनार. हे शेवटचंच समज."
मला ते कळत होतंच. पण कोणीतरी बोलल्यावर उठून टबापाशी जाऊन बसले.

२९ सप्टें., सोम.
रजा टाकली. कारण: घरी पाहुणे. खोटं कुठंय.
सकाळी साडेनऊला काच उचलली. मादीच्या अंगावर उभे पट्टे आलेले, म्हणजे तयार. फोन स्पीकरवर, पलीकडे चाचा. मी बघायचं आणि सांगायचं.
"मागे लागला. आता ती पानाखाली आली. चाचा, त्यानं तिला वेढा घातला."
"कोनत्या बाजूनं?"
"डावीकडून."
"त्याचा बाप बी डावीकडूनच घाले." आवाज बदलला होता त्यांचा. मागे सून विचारत होती, अब्बा, क्या हुआ. तिलाही सांगितलं त्यांनी, सगळं, माझ्यापेक्षा रंगवून.
अंडी खाली पडतात, नर सूर मारून एकेक तोंडात झेलतो, नेऊन फेसात चिकटवतो. दोन तास चाललं. मी मोजत होते, दीडशेच्या पुढे हिशेब सुटला. पाय दुखून आले तेव्हा कळलं की उभीच आहे.

१ ऑक्टो., बुध.
संध्याकाळी शेपट्या. फेसाखाली लोंबकळत आहेत, स्वल्पविरामासारख्या. एखादं सुटून खाली पडतं, नर ते तोंडात धरून परत जागेवर ठेवतो. बुरशी एकाही अंड्यावर नाही.

२ ऑक्टो., गुरु.
हे दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर, नणंदेसोबत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी गेले नाही. घरीच वंदना घेतली. नणंद फोनवर म्हणाली, "मासोयांसाठी थांबली? खरंच?" ह्यांनी तिच्याकडून फोन घेतला आणि म्हणाले, "तिले काम हाय." बस, एवढंच. मला फार बरं वाटलं.
पत्ताकोबीचं पान सडवून ठेवलेल्या बाटलीतला थेंब बघितला. बारीक जीव सुसाट पळताहेत. पिल्लांचं जेवण तयार.

४ ऑक्टो., शनि.
पिल्लं आडवी पोहायला लागली. आता बाप काढायचा, नाहीतर तोच खाईल, चाचांचा हुकूम. चहाच्या कपात अलगद घेतला. जाताना काही धडपड नाही केली. आठवडाभर पोटात काही नाही त्याच्या. अळ्या टाकल्या, बघितल्या, तोंड फिरवलं.

७ ऑक्टो., मंगळ.
नर गेला. सकाळी एका कुशीवर होता. उन्हात धरला तर रंग तसाच, थोडासुद्धा उतरलेला नाही. कुंडीत पुरला.
चाचांना फोन केला. "काम करून गेला बेटा," म्हणाले. मग पिल्लं किती विचारलं. मी म्हटलं साठेक. पन्नासही नसतील. काहून खोटं बोलले मी?

१२ ऑक्टो., रवि.
चाचा आले. अकोल्याहून, एकटे, दुसरा डोळा अजून व्हायचाय तरी. जिना चढून धापा टाकत. टबावर वाकून वाकून बघितलं. "मले पानीच दिसून राह्यलं."
ड्रॉपरनं एक पिल्लू घेतलं, खोलगट काचपट्टीवर थेंबात सोडलं, मायक्रोस्कोप लावून दिला. ऑपरेशनचा डोळा लावला त्यांनी. श्वास धरून ठेवला होता. मीपण.
"काय धडधडून राह्यलं?"
"काळीज. अंग काचेसारखं आहे ना, आरपार दिसतं."
किती वेळ उठलेच नाहीत. शेवटी मीच म्हटलं, चाचा, पिल्लू पाण्यात सोडू द्या, गुदमरेल.
"रंग?"
"अजून रंगच नाही. दोन महिने लागतील. आणि साठ नाहीत, चाचा. एकतीस आहेत, काल मोजली."
त्यांनी मान हलवली. खोटं त्यांना माहीत असावं. "एकतीसमंदी एक बी निंघाला तं पुरे. नाई निंघाला तं..." चष्मा पुसत बसले.
चहा घेतला, ह्यांच्याशी मॅचच्या गप्पा मारल्या, चारच्या गाडीनं गेले. डिसेंबरात येतो म्हणाले, डोळ्याची तारीख मिळाली की बघू.
ते गेल्यावर दाराशी दोन कॅन दिसल्या. पाच-पाच लिटरच्या, झाकणाला सुनेनं फडकं बांधलेलं. एक थेंब जिभेवर टेकवून बघितला. खारं.
सकाळी दोन कप टाकायचे.