कपटी प्रधानाच्या घरची सोयरीक

कुंडल, चैत्र वद्य पंचमी, शके १८६६

तीर्थरूप तात्यामामांचे चरणी भाचा बाळासो याचा साष्टांग नमस्कार. सांगलीस आपण व मामी खुशाल असाल, हळदीचा बाजारही बरा असेल. आपला गुडघा दुखतो असं ऐकलं. (उभं राहून तास-दोन तास बोलता येतं ना?) इकडे सर्वांच्या तब्येती ठीक आहेत. अब्रूचं मात्र काही खरं नाही.

आपल्याला ठाऊकच आहे, गाव यात्रेत दरसाल तेच नाटक करतं. कपटी प्रधान राजाचे कान भरतो, राणीच्या नावाला डाग लावतो, राजा तिला वनात धाडतो आणि तिन्ही अंक सगळे जण अब्रूवरच बोलत राहतात. बारा वर्षं मी राजा केला. त्या मुकुटाच्या जोरावर बांधाच्या भांडणात लोक मला पंच म्हणून बोलवीत. (न्याय बरा करायचो असं नाही, आवाज राजाचा होता.) यंदा प्रधान करणारा आकाराम पलटणीत गेला आणि त्याच्या जागी उभं राहायला कोणी तयार होईना. मी आपल्याला विचारलं, तर आपण लिहिलंत की कलावंतानं अब्रूची पर्वा करू नये, भूमिका ती भूमिकाच. ते पत्र मी तालमीत सर्वांना वाचून दाखवलं, आणि शेवटी मीच सापडलो. मुकुट नाथाजीला दिला. म्हटलं, मिशी एवढी दाट लावू की ओळखणार कोण.

मामा, मी काम चांगलं केलं हीच चूक झाली. माझा प्रधान आरडाओरडा करीत नव्हता. हात जोडून, मान खाली घालून, मी आपल्या पायांचा दास, खोटं कशाला बोलू, असं गोड बोलून तो राणीचं वाटोळं करायचा. बायकांच्या बाजूनं शिव्या आल्या, एक वहाण आली. मला धन्य वाटलं. (वहाण आमच्याच घरची होती, हे सकाळी कळलं.) पण पहिल्या रांगेत आष्ट्याचे पाहुणे होते. आमच्या पद्माला बघून गेलेले, सोयरीक जवळजवळ ठरलेली, आणि मीच मोठ्या मानानं यात्रेला बोलावलेले. मुलाच्या आजी चंद्राबाई, ज्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नाही, दुसऱ्या अंकातच उठून गेल्या. चौथ्या दिवशी निरोप आला, घाई करू नका.

मी आष्ट्याला गेलो. हात जोडले, मान खाली घातली आणि म्हटलं, आजी, मी खोटं कशाला बोलू. त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस? आसंच म्हनत हुता, आन् त्या गरीब राणीला रानात धाडली." मी जितका नम्र होत गेलो तितका खोटा ठरत गेलो. चार शब्द चढ्या आवाजात बोललो असतो तर कदाचित जमलं असतं. पण मुलीच्या बापाला तो आवाज कुठून आणावा? गावातही तेच. परवा लालासाहेबांच्या बांधाचा वाद निघाला, तर पंच म्हणून नाथाजीला नेलं. त्याला स्वतःच्या रानाची हद्द माहीत नाही.

पद्मा काही बोलत नाही. भाकरी वाढते आणि आत जाते. मुलगा तिच्या मनात भरला आहे, तिनंच आईला सांगितलं होतं. शिव्यांनी मी थकलो नाही मामा, त्या न बोलण्यानं थकलो.

शेवटी चंद्राबाईंनीच वाट काढली. "एकदा राजा हून दावा. राजावानी वागताय का बघू, मग बोलू." तेव्हा अक्षय्यतृतीयेला आष्ट्यात प्रयोग ठरला आहे. नाथाजीनं मुकुट रडतखडत परत दिला. लोभ असावा, मामींना नमस्कार.

आपला भाचा,
बाळासो

ता. क. राजाचं जमलं, पण प्रधान करायला गावात कोणी उरलेलं नाही. ज्याच्या त्याच्या घरी लग्नाचं कोणी ना कोणी आहे. आपण तरुणपणी प्रधान करीत होतात, भाषणं अजून तोंडात असतील, आणि आपल्या तिन्ही मुली उजवून झाल्या. तरी आदल्या दिवशी निघावं. कलावंत आणि अब्रू यांविषयीचं आपलंच पत्र आठवणीसाठी सोबत जोडलं आहे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना घरातून कळलं की चंद्राबाई धाकट्या नातीसाठी आपल्या चिरंजीव मधूची चौकशी करीत आहेत. काळजी नसावी. मिशी मी स्वतः दाट लावीन. कोणी ओळखणार नाही.